बुडबुडे थांबले म्हणजे बिअर झाली का?

या महिन्यात आंबवण्याबद्दलची पत्रं भरपूर आली, काय योगायोग आहे माहीत नाही. सगळी ठाणे आणि नवी मुंबईची. पहिलं पत्र मोठं आहे आणि उत्तर त्याहून मोठं, कारण त्यात खरंच सांगण्यासारखं बरंच होतं. बाकीची आटोपशीर घेतलीत.

प्रश्न: मी ठाण्याला पाचपाखाडीत राहते, शाळेत जीवशास्त्र शिकवायचे, आता रिटायर झाले. मुलगा नोकरीसाठी इंग्लंडमध्ये लीड्सला आहे. तिथे घरी बिअर करायला चालते म्हणे, म्हणून त्याने दुकानातून एक किट आणलं, डब्यात माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा, घट्ट पाक, सोबत यीस्टचं पाकीट. त्यात किलोभर साखर आणि पाणी घालून २३ लिटरची बादली भरली. पहिले दोन दिवस एवढा फेस की झाकणावरच्या नळीतून बाहेर आला, मला व्हिडिओ कॉलवर दाखवला. चौथ्या दिवसापासून बुडबुडे बंद. वर कडेला तपकिरी चिकट कडं धरलंय आणि आत सगळं गढूळ दिसतंय. हायड्रोमीटर म्हणून काहीतरी आहे त्याच्यावर सुरुवातीला १.०४२ होतं, आता सातव्या दिवशी १.०१८ आहे. शनिवारी मित्र यायचेत म्हणून हा शुक्रवारी बाटल्या भरायच्या म्हणतो. वर मलाच विचारतो, आई तुला इडलीचं पीठ कळतं तर हे कळायला काय झालं. मला बिअरमधलं शून्य कळतं, पण गढूळ आहे म्हणजे आत काहीतरी चालू असणार एवढं वाटतं. याने भरू का बाटल्या? आणि ती स्वच्छ कशी होते?

उत्तर: बाई, तुम्हाला जे वाटतंय तेच बरोबर आहे. त्याला आजच फोन करा आणि सांगा, शुक्रवारी एकही बाटली भरायची नाही. आणि शुक्रवारी भरली तरी शनिवारी पिता येणारच नाही, बाटलीत गॅस धरायला वर दोन आठवडे लागतात, त्यामुळे मित्रांसाठी त्याने सरळ दुकानातून आणावी. (कायद्याचं म्हणाल तर मुलगा बरोबर आहे, ब्रिटनमध्ये १९६३ पासून स्वतःपुरती घरी बिअर करायला परवाना लागत नाही, फक्त विकायची नाही.)

आता का नाही भरायची ते बघू. माल्टच्या पाण्यात साखर विरघळलेली असते म्हणून ते साध्या पाण्यापेक्षा जड असतं, आणि हायड्रोमीटर ही तळाशी वजन असलेली काचेची नळी त्यात किती वर तरंगते त्यावरून तो जडपणा कळतो. साधं पाणी १.०००. यीस्ट साखर खात जातं तसा आकडा उतरत जातो. अशा किटचा आकडा १.०४२ वरून साधारण १.०१० च्या आसपास यायला हवा, म्हणजे तेव्हा ती ४.२ टक्क्यांची बिअर झाली. याचा १.०१८ वर अडकलाय. म्हणजे आठ पॉइंटची साखर अजून आत आहे (तिसऱ्या दशांशातला एक आकडा म्हणजे एक पॉइंट). आता गंमत अशी की बंद बाटलीत एकेक पॉइंट उतरला की बिअरच्या आकारमानाच्या साधारण अर्धा पट गॅस तयार होतो, आठ पॉइंटचा झाला चार पट, त्यात बिअरमध्ये आधीच विरघळलेला वेगळा आणि बाटलीत भरताना मुद्दाम घालतात त्या साखरेचा वेगळा, मिळून सहा पटीच्या वर. नेहमीच्या बिअरमध्ये अडीच पट असतो, कोल्ड ड्रिंकमध्ये साडेतीन-चार. काचेची बाटली यात फुटते, नुसती फुटत नाही तर काचा उडतात, आणि एक फुटली की तिच्या धक्क्याने शेजारची. या छंदात खरा धोका कुठला असेल तर हा एकच. बाकी चव बिघडली तर फार तर बेसिनमध्ये ओतायची.

बुडबुडे थांबले म्हणजे आंबणं संपलं असं मात्र नाही. झाकण थोडं सैल असलं तरी गॅस कडेने निघून जातो आणि झाकणावरच्या नळीतलं, म्हणजे एअरलॉकमधलं, पाणी हलत नाही, आत काम चालूच असतं. उलट काम संपल्यावरही खोली गरम झाली की विरघळलेला गॅस सुटतो आणि बुडबुडे येतात. म्हणून बुडबुड्यांकडे बघून काहीही ठरवायचं नाही. हायड्रोमीटर एकदा बघायचा, मग दोन-तीन दिवसांनी परत बघायचा, आकडा हलला नाही आणि तो अपेक्षित जागेच्या जवळ असला तरच संपलं. याने एकदाच बघितलंय.

बघतानाही एक गोष्ट जपायची. नमुना लांबट भांड्यात घेतला की बारीक बारीक बुडबुडे काचेच्या नळीला चिकटतात आणि तिला वर उचलून धरतात, मग १.०१५ असलेलं १.०१८ दिसतं. म्हणून नमुना दोन ग्लासांत पाच-सहा वेळा वरखाली करून गॅस काढायचा, नळी भांड्यात सोडून बोटांनी गर्रकन फिरवायची, स्थिर झाली की डोळा पाण्याच्या पातळीला आणून वाचायचं. बहुतेक हायड्रोमीटर २० अंशाला बरोबर वाचतात, नमुना ३० अंशाचा असेल तर दोन-तीन पॉइंट वाढवून धरायचे, लीड्सला तो प्रश्न येणार नाही. आणि तो नमुना परत बादलीत ओतायचा नाही, प्यायचा. चव बघितल्याने बरंच कळतं.

मग अडकलं कशामुळे? माझा संशय थंडीवर आहे. तिकडे हीटिंग रात्री बंद करतात, खोली १४-१५ अंशावर येते. पहिले दोन दिवस यीस्ट जोरात असतं, स्वतःच उष्णता सोडतं, बादली खोलीपेक्षा तीन-चार अंश गरम असते. जोर ओसरला की ती ऊब जाते, एकदम गार लागतं आणि बरंचसं यीस्ट एकत्र गोळा होऊन तळाशी बसतं, साखर राहिली तशीच. किटमधलं यीस्ट बहुतेक एल जातीचं, म्हणजे उबेत आंबवायच्या बिअरचं, असतं, त्याला १८ ते २२ अंश लागतात. तर बादली घरातल्या सगळ्यात उबदार कोपऱ्यात न्यायची, २०-२१ अंश मिळेल अशी, भोवती जाड पांघरूण, आणि झाकण न उघडता बादली हळूच गोल हलवायची म्हणजे तळाचं यीस्ट वर येतं. खळखळ हलवायची नाही, या टप्प्यावर आत हवा गेली की बिअरला पुढे ओल्या पुठ्ठ्याची चव येते. चार-पाच दिवस थांबायचं.

तरीही नाही उतरला तर? एका बरणीत कपभर बिअर काढून त्यात चिमूटभर ताजं यीस्ट टाकायचं, गरम जागी दोन दिवस ठेवायची. बरणीतला आकडा १.०१० ला आला तर बादलीतही उतरायला जागा आहे, ताजं यीस्ट घाला. बरणीतलाही १.०१८ वरच बसला तर त्या माल्टमध्ये यीस्टला खाता येईल अशी साखर उरलीच नाही, तिचा शेवटच तो. ही युक्ती फार कमी लोक वापरतात, आणि सगळे अंदाज बांधत बसतात.

कडेचं तपकिरी कडं काही वाईट नाही, फेस वर चढला होता त्याची खूण आहे ती, हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या वेलीच्या फुलांचा) चिकटा आणि मेलेलं यीस्ट. खरवडून आत पाडू नये एवढंच.

इडलीच्या पिठाबद्दल, तुम्ही जीवशास्त्राच्या म्हणून सांगतो. पिठात मुख्य काम जिवाणूंचं, ल्युकोनोस्टॉक आणि त्याचे भाऊबंद, ते लॅक्टिक आम्ल करतात, गॅस करतात, म्हणून पीठ फुगतं नि आंबट होतं, आणि ते डाळ-तांदळावर आधीपासून असतातच, वेगळे घालावे लागत नाहीत. बिअरमध्ये नेमके हेच नको असतात. हॉप्सच्या कडू घटकाने त्यातले बरेचसे दबतात, पण भरवसा ठेवायचा तो स्वच्छतेवर. माल्टचं पाणी तयार झाल्यावर त्याला पुढे ज्याचा ज्याचा स्पर्श होणार, चमचा, सायफनची नळी, हायड्रोमीटर, ते सगळं आधी धुवायचं आणि मग वेगळ्या सॅनिटायझरमध्ये बुडवायचं. ही दोन कामं वेगळी आहेत. घाण तशीच ठेवून त्यावर सॅनिटायझर ओतला तर त्याच्याखाली जिवाणू मजेत राहतात.

आता गढूळपणा. तो तीन कारणांनी असतो. पहिलं यीस्टच तरंगत असतं, त्याच्या बिअरमध्ये सध्या हेच जास्त आहे. दुसरं म्हणजे धान्यातली प्रथिनं आणि सालीतली टॅनिनच्या जातीची द्रव्यं एकमेकांना धरतात, गार केलं की धुकं दिसतं आणि ग्लास हातात धरून गरम झाला की निघून जातं, ते दिसायला वाईट, चवीला काही नाही. तिसरं स्टार्च, पण ते धान्यापासून करणाऱ्यांचं दुखणं, डब्यातल्या पाकात सहसा नसतं.

पहिल्या बॅचवाले लगेच पावडरी शोधायला लागतात. माझं मत विचाराल तर पहिल्या बॅचला काही घालू नये. आकडा स्थिर झाल्यावर आणखी तीन-चार दिवस उबेतच राहू द्यायची, कारण यीस्ट शेवटी स्वतःच केलेली काही द्रव्यं परत खाऊन टाकतं, डायअसिटिल त्यातलंच एक, लोण्याचा किंवा बटरस्कॉचचा वास मारतो तो त्याचाच, आणि बिअर घाईत यीस्टवरून काढली की तो कायमचा राहतो. त्यानंतर गार करायची. एक ते चार अंश, दोन-तीन दिवस. त्या थंडीत यीस्ट खाली बसतं, प्रथिनांचं धुकंही तयार होऊन बरंच खाली येतं. लीड्सला फेब्रुवारीत यासाठी फ्रिजसुद्धा नको, बाल्कनी किंवा मागची शेड पुरेल, फक्त गोठणार नाही एवढं बघायचं. गार होताना बादलीतली हवा आकसते आणि एअरलॉकमधलं पाणी आत ओढलं जातं, म्हणून त्यात नळाचं पाणी न ठेवता उकळून गार केलेलं किंवा थोडी व्होडका ठेवायची. मग बादली जिथून सायफन करायची त्या ओट्यावर अलगद उचलून ठेवायची आणि रात्रभर तशीच सोडायची, कारण उचलताना ढवळतंच. जुन्या पुस्तकांत मधेच दुसऱ्या बादलीत ओतून घ्यायला सांगतात, त्याची या बिअरला गरज नाही, त्याने हवा लागण्याची भीती मात्र वाढते.

बाटल्या भरायला लिटरमागे सहा ग्रॅम साखर. तळाचा गाळ वजा जाता २१ लिटर निघेल, म्हणजे १२५ ग्रॅमच्या आसपास. थोड्या पाण्यात उकळून गार करायची, स्वच्छ रिकाम्या बादलीत घालायची, वर नळी तळाला टेकवून बिअर सोडायची म्हणजे न उसळता मिसळते. बाटलीत चमच्याने साखर टाकत बसलं की एकीत जास्त एकीत कमी. बाटल्या बिअरच्याच, तपकिरी काचेच्या (उजेडाने हॉप्सचे घटक बदलून घाणेरडा वास येतो, हिरव्या आणि पांढऱ्या काचेतून उजेड जातो). पहिल्या खेपेला तीन-चार तरी कोल्ड ड्रिंकच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या भराव्यात, दाबून बघितलं की आत किती गॅस झालाय ते कळतं, काचेचं कळत नाही. मग दोन आठवडे २० अंशाला, दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये, आणि ओतताना एका दमात ओतायची, तळाचा बोटभर थर बाटलीत ठेवून द्यायचा.

आणि पुढच्या वेळी ती किलोभर साखर घालू नको म्हणावं. नुसत्या साखरेने अल्कोहोल वाढतं पण बिअर पातळ आणि कोरडी लागते. तेवढ्याच वजनाची माल्टची भुकटी मिळते, पैसे जास्त जातात, पण फरक पहिल्या घोटात कळतो.

प्रश्न: आम्ही शाकाहारी. ऑफिसमधला एक जण म्हणाला की बिअर स्वच्छ करायला मासा वापरतात. मी कधीतरी घेतो, आता घशाखाली उतरेना. खरं आहे का हे? (कोपरखैरणे)

उत्तर: अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं ऐकण्यासारखं आहे. काही माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, तिच्या जोरावर मासा पाण्यात वरखाली होतो. ती वाळवून, आम्लात विरघळवून जो चिकट द्रव मिळतो त्याला आयसिंग्लास म्हणतात. त्यातल्या कोलॅजेनवर धन भार असतो, यीस्टवर ऋण, दोघं एकमेकांना धरून वजनाने खाली बसतात. इंग्लंडच्या पबमध्ये पिंपातून येणारी जी एल असते ती अशी स्वच्छ करायची जुनी पद्धत आहे. गिनेसही वापरायचे, त्यांनी गेल्या दशकात ते बंद केलं. हीच पिशवी आपल्याकडे कोळी लोक भोत म्हणून ओळखतात, घोळ माशाच्या भोताला तर सोन्याचा भाव. २०२१ मध्ये पालघरच्या मुरबे गावच्या मच्छीमाराला एका खेपेच्या घोळीला कोटीच्या वर पैसे मिळाल्याची बातमी तुम्ही वाचली असेल, ती किंमत या भोताची. पण एवढी महाग वस्तू बिअरमध्ये कोण ओतणार हाही विचार करा, बिअरला स्वस्तातल्या माशांची चालते.

उरलेलं अर्धं असं की मोठ्या कारखान्यातली लागर (थंडीत आंबवलेली बिअर) बहुतेक वेळा गार करून गाळलेली असते, गाळायला डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाच्या कवचांची माती वापरतात, मासा लागत नाही. जिलेटिन मात्र काही ठिकाणी वापरतात आणि तेही प्राण्याचंच. शाकाहारी उपायही आहेत, उकळताना शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत टाकतात तो आयरिश मॉस म्हणजे समुद्रातलं लाल शेवाळ, नंतर घालतात ती सिलिका. स्वच्छ करणारं द्रव्य तळाशी बसतं, पेल्यात उरलं तर नगण्य. पण नगण्य चालतं की नाही हे ज्याने त्याने ठरवायचं, तुमच्या वतीने मी ठरवणार नाही. ब्रुअरीला ईमेल टाका, शाकाहारी आहे का एवढंच विचारा, किंवा ज्यांच्या बाटलीवर व्हीगन छापलंय ती घ्या. मायक्रोब्रुअरीत बसलात तर गढूळ गव्हाची बिअर मागवा, तिच्यात गढूळपणाच हवा असतो त्यामुळे स्वच्छ करायचा प्रश्नच येत नाही.

प्रश्न: जर्मनीत म्हणे पाचशे वर्षांपूर्वीचा कायदा आहे, बिअरमध्ये फक्त चार गोष्टी. आमच्यात पैज लागलीय. (वाशी)

उत्तर: चार म्हणणारा हरला. १५१६ चा बव्हेरियाचा हुकूम आहे, त्यात जव, हॉप्स आणि पाणी एवढ्या तीनच गोष्टी. यीस्टचं नावच नाही, कारण यीस्ट हा जिवंत सूक्ष्मजीव आहे आणि तोच हे सगळं करतो ही समज यायला एकोणिसावं शतक उजाडलं. चौथी गोष्ट नंतरच्या नियमांत आली.

प्रश्न: मी खारघरला राहतो. ऑनलाइन बिअरचं किट दिसलं, ऑर्डर करायच्या बेतात आहे. फ्लॅटमध्ये एसी असलेली एक खोली रिकामी आहे. स्वतःपुरतीच करणार, विकणार नाही, सोसायटीत वासाचा त्रास होईल का?

उत्तर: वासाचं राहू दे मित्रा, आधी दुसरं बघ. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, नाव दारूबंदी असलं तरी परवान्यांची सगळी व्यवस्था त्यातच येते. परवान्याशिवाय दारू तयार करणं त्यात गुन्हा आहे, बिअरही दारूच धरतात, आणि स्वतःपुरती, विकणार नाही, अशी सूट त्यात नाही. तुझ्याकडे पिण्याचा परवाना असेल तर तो जवळ बाळगायला आणि प्यायला, बनवायला नाही. मायक्रोब्रुअरीवाले राज्य उत्पादन शुल्क विभागाचं लायसन्स घेऊन बसलेत, पुण्यात २००९ मध्ये पहिली सुरू झाली. इंग्लंडातला मुलगा करतो ते त्याच्या देशात चालतं. इथे नाही. म्हणून कृती सांगत नाही.

कायदा नसता तरी तुझी एसीची खोली फार कामाची नव्हती. आपल्याकडे मे महिन्यात घरात ३२ अंश असतात, यीस्ट त्यात स्वतःची तीन-चार अंशांची भर घालतं, एवढ्या गरमीत ते जड प्रकारची अल्कोहोल करतं, नेलपॉलिश रिमूव्हरचा वास येतो आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरतं असंही म्हणतात. एसी दोन आठवडे रात्रंदिवस २० वर लावून ठेवलास तर बिल बघून डोकं आधीच धरेल. नॉर्वेच्या खेड्यांतून आलेलं क्वाइक नावाचं यीस्ट आहे, ते ३५ अंशाच्या वरही नीट चालतं. ते सापडल्यापासून गरम देशांतल्या बिअरवाल्यांचं बरंच सोपं झालंय, पण ते तुला फक्त माहिती म्हणून.

हात शिवशिवत असतील तर जिंजर बिअर कर, मुलंही पितील. लिटरभर पाण्यात २५-३० ग्रॅम किसलेलं आलं आणि ९० ग्रॅम साखर उकळ, पाच मिनिटं. झाकून पूर्ण गार होऊ दे, कोमट असताना घाई करू नको. गाळ, एका लिंबाचा रस पिळ, पावाच्या इन्स्टंट यीस्टची अगदी चिमूट टाक, एक अष्टमांश चमचा म्हणजे खूप झाली, पाव लवकर फुगतो म्हणून लोक चमचाभर टाकतात आणि मग सगळ्याला यीस्टचीच चव. कोल्ड ड्रिंकच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत चार बोटं जागा सोडून भर. काचेची बाटली घ्यायची नाही, घरात कितीही छान दिसणारी असली तरी. आता दर चार-पाच तासांनी अंगठ्याने दाबून बघायचं, आपल्या हवेत हे फार जलद होतं, सकाळी भरलेली रात्रीपर्यंतही कडक होऊ शकते, पावसाळ्यात थोडी उशिरा. बाटली दगडासारखी कडक लागली की तेव्हाच फ्रिजमध्ये, उद्यावर टाकायचं नाही. थंडीत यीस्ट झोपतं पण मरत नाही, त्यामुळे तीन-चार दिवसांत संपवायची. बाहेर दोन-तीन दिवस ठेवलीस तर अल्कोहोल चढत जातं, मग ती मुलांची राहत नाही आणि वर सांगितलेल्या कायद्याच्या बाजूला सरकते.

उघडताना बाटली पूर्ण गार असू दे, बेसिनवर धरून झाकण थोडंसं फिरव, फेस चढला की परत आवळ, असं तीन-चार वेळा. एकदम उघडलीस तर छत पुसावं लागेल, आणि आल्याचे डाग सहज जात नाहीत.